आज गाडीची रजा आहे

"थांबा. आधी मी बघते," असं म्हणून गांगुर्डे मॅडम गाडीभोवती चक्कर मारायला लागायच्या आणि ती पूर्ण होईपर्यंत आत बसायची आमची टाप नव्हती. नाशिकातली डिसेंबरची सकाळ, आडगाव नाक्याजवळ त्यांच्या बिल्डिंगखाली बोचरं वारं, आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि गणिताचे बोरस्ते सर, स्वेटरच्या बाह्यांत हात खुपसून उभे. मॅडम एकेका टायरपाशी वाकणार, हातानं चाचपणार, गाडीखाली डोकावून तेलपाणी गळतंय का पाहणार, मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघणार. चांदवडकडच्या आमच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या. परिपाठाला पोरांची नखं ज्या नजरेनं तपासायच्या, त्याच नजरेनं गाडी तपासायच्या. गळ्यातली शिट्टीसुद्धा काढायच्या नाहीत.

पेट्रोलचा खर्च आम्ही वाटून घ्यायचो आणि त्यांच्या गाडीतून शाळेत जायचो-यायचो. सकाळची ती तपासणी एकवेळ परवडली, पण सर्व्हिसिंगची तारीख आली की खरा छळ सुरू. आदल्या संध्याकाळी मॅडमचा फोन यायचा. "उद्या गाडीची रजा आहे. एसटीनं जा." बाईंनी गाडीला रजा दिली म्हणजे दिली! त्या दिवशी स्वतःही किरकोळ रजा टाकायच्या. एकदा माझी परीक्षेची पेपरतपासणी, हातात गठ्ठे, आणि वर ही रजा. मी कडाडलेच.

"अहो मॅडम, गाडी लोण्यासारखी चालतेय की!"

"चालतेय म्हणूनच नेतेय. बंद पडल्यावर कोणीही नेतं."

मी फोन आपटला आणि गठ्ठे सांभाळत एसटीच्या दांड्याला लोंबकळत गेले.

एकदा त्यांच्याबरोबर गॅरेजला जायची वेळ आली. काचेमागं गारेगार खोली, सोफा, टीव्ही, कागदी कपातला चहा. मी मस्त बसले. मॅडम कुठल्या बसतायत! "मला चहा नको, गाडी दाखवा," म्हणत थेट लिफ्टखाली. पॅन्टच्या खिशातली बॅटरी काढून खालून सगळं न्याहाळलं. मेकॅनिक बिचारा भला माणूस. म्हणाला, "मॅडम, ब्रेकपॅड अजून चालतील थोडे दिवस."

"चालतील ना? मग आत्ताच बदला. ज्या दिवशी चालणार नाहीत, त्या दिवशी मी तुमच्या लिफ्टवर नसेन, राहूडच्या घाटात असेन."

बदललेले जुने पॅड त्यांनी हातात घेऊन पाहिले, मला दाखवले आणि मगच कागदावर सही केली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मान डोलावली.

स्टाफरूममध्ये कुजबुज असायची की बाईंचं कोणीतरी अपघातात गेलं असणार. उगाच का एवढं वेड लागतं? शेवटी आमच्या एका सहकारी बाईंनी फार हळवा आवाज काढून विचारलंच. मॅडमनी डबा खाली ठेवला.

"कोणी नाही गेलं. अपघात कोणालाच झालेला नाही. का हो, घरातलं कोणी मेल्याशिवाय बाईनं शहाणं व्हायचं नाही, असा नियम आहे का?"

त्या बाईंना ठसकाच लागला. मग मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "आमचे वडील एकलहऱ्याला होते, वीजकेंद्रात. तिथं चांगला चालणारा संच बंद करतात, उघडतात, आतून बघतात, मग पुन्हा चालू करतात. लोक ओरडतात, तर ओरडू देत. लहानपणी मला वाटायचं, बाबा बिघाड काढायला जातात. ते म्हणायचे, छ्या, बिघाड येऊ नये म्हणून जातो. काही झालं नाही, की आमचं काम झालं."

एवढीच गोष्ट. ऐकणाऱ्यांची जरा निराशाच झाली.

मग आलं स्नेहसंमेलन. आमच्या संस्थेच्या जिल्हाभर शाळा, आणि सचिवसाहेबांचा शब्द खाली पडत नसे. ते तयारी बघायला स्टाफरूममध्ये आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "गांगुर्डे, गुरुवारी तुमची गाडी नाशिकरोड स्टेशनला लावा. पाहुणे यायचेत."

"गुरुवारी जमणार नाही, साहेब. गाडीची रजा आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद. "सर्व्हिसिंग? अहो, दोन दिवसांनी करा! काय बिघडतंय?"

"काय बिघडतंय ते बघायलाच नेतेय."

"संस्था मोठी की तुमची गाडी मोठी?"

"संस्थाच मोठी, साहेब. संस्थेकडं पुष्कळ गाड्या आहेत. माझ्याकडं एकच आहे."

मॅडम हाताची घडी घालून उभ्या. गुरुवारी पाहुणे भाड्याच्या गाडीतून आले, संमेलन झकास झालं, आणि त्यानंतर लगेच मॅडमच्या हातात बदलीचा हुकूम पडला. पेठकडची शाळा, सावळघाटाच्या वर. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. दिवसभर शेजारीण बघायची, पण संध्याकाळी मुलीनं भरवल्याशिवाय म्हातारी घास घेत नसे. पेठला खोली करून राहणं शक्यच नव्हतं, आणि हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. बाई रडत येईल, माफी मागेल, असा त्यांचा हिशेब.

बोरस्ते सरांनी माफीचा अर्ज लिहूनसुद्धा आणला. भाषा फार गोड होती. मॅडमनी तो वाचला, घडी घालून परत दिला.

"माफी कशाची सर? गाडी वेळेवर दाखवली याची?"

"अहो, पण घाट आहे. पावसात धुकं असतं. रोज जा-ये कशी करणार? मध्येच बंद पडली तर आईंचं काय?"

"बंद का पडेल?" त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं की सरांनी अर्ज खिशात घातला. मी रागानं म्हणाले, तुम्ही हट्टी आहात, आईचा तरी विचार करा. त्या म्हणाल्या, "तोच करतेय." मला तेव्हा रडूच आलं, आणि त्यांचा रागही आला.

त्या रोज गेल्या आणि रोज परत आल्या. ऊन, धुकं, घाटात कोसळलेली दरड, काही असो, म्हाताऱ्या आईचा रात्रीचा घास चुकला नाही. गाडीची रजाही चुकली नाही. पेठच्या मुख्याध्यापकांनीही सुरुवातीला आदळआपट केली म्हणे, मग सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली की तेच विचारायला लागले, "मॅडम, तिची रजा कधी?"

त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला मी आणि बोरस्ते सर एसटीनं निघालो. सावळघाटात एका वळणावर लांबलचक काळी गाडी बॉनेट वर करून उभी, आतून वाफा. ती ओळखीची होती, सचिवसाहेबांची. आमची बस वळणावर रेंगाळली तेव्हा सरांनी खिडकीतून ड्रायव्हरला विचारलं. तो दगडावर बसला होता, वैतागून म्हणाला, "साहेबांना कवाचं म्हणतोय, सर्व्हिसिंगला टाकू. साहेब म्हणत्यात, लगीनसराई सरू दे. आता बसा बोंबलत. साहेब गेले वर जीपनं."

सरांनी मला इतक्या जोरात कोपर मारलं की मी ओरडले.

मंचावर सचिवसाहेब बसले होते, शर्ट चुरगाळलेला, केसांवर धूळ. खचाखच भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कसे बसून आले देव जाणे! भाषणात म्हणाले, गांगुर्डे मॅडम म्हणजे वक्तशीरपणाचा आदर्श. मॅडम समोर बघत बसल्या होत्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

समारंभ संपला. दुपारनंतर खाली जायला ना जीप होती ना एसटी, आणि साहेबांना नाशिकात बैठक होती. त्यांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं, मुख्याध्यापकांनी मॅडमकडं. मॅडमनी नुसतं झाडाखालच्या गाडीकडं बोट केलं. साहेब लगबगीनं गेले आणि त्यांनी दाराला हात घातला.

"थांबा. आधी मी बघते."

साहेबांनी हात काढला. गळ्यात निरोपाचा हार तसाच, आणि मॅडम पहिल्या टायरपाशी वाकल्या. मग दुसऱ्या. गाडीखाली डोकावल्या. बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, बुडवली, पुन्हा काढून उन्हात धरली. कसलीही घाई नाही. सचिवसाहेब उन्हात उभे, आणि त्यांच्यामागं शिस्तीत आम्ही दोघं. इतकी वर्षं जिच्यावर चिडले, ती चक्कर त्या दिवशी संपूच नये असं मला वाटत होतं.

मॅडमनी हात फडक्याला पुसले आणि पुढचं दार उघडून धरलं.

"बसा, साहेब. आज तिची रजा नाही."