चिंचणीची पेटी आणि आमचं गिटारयंत्र

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची, नव्वदच्या आसपासची गोष्ट. प्रोजेक्टच्या परीक्षेच्या दिवशी पालघर स्टँडवर चिंचणीची एस.टी. आली आणि माझा पार्टनर नितीन उतरला... सोबत त्याचे बाबा, आणि चादरीत गुंडाळलेली भजनाची पेटी! मी कपाळावर हात मारला. हा परीक्षेला जातोय की सप्ताहाला?

आमचं यंत्र गिटार आपोआप सुरात लावायचं. तार छेडायची, माइक ऐकणार, छोटी मोटर खुंटी पिळणार... सूर जुळला की मोटर बंद. पण बरोबर सूर कोणता हे यंत्राला आधी कुणीतरी ऐकवायला हवं. ते काम नितीनने घरी केलं होतं. कशावर, ते मला परीक्षकांसमोरच कळलं.

मी पास झाले तर तारापूरच्या कारखान्यात नोकरी ठरलेली. नापास झाले तर आत्याने आणलेलं स्थळ तयारच होतं.

यंत्राने सहाही तारा झकास लावल्या. परीक्षक सरांनी खिशातून सूर तपासायची शिट्टी काढली, फुंकली आणि म्हणाले, "एकही तार सुरात नाही."

"असं कसं सर? सगळे सूर बाबांच्या पेटीवरून घेतलेत!" नितीन छाती काढून म्हणाला.

अरे देवा... ती पेटी! खाऱ्या वाऱ्यात जन्म काढलेली, सूर केव्हाच इकडेतिकडे सरकलेले. गावातल्या भजनी मंडळाच्या कानाला तिचीच सवय, मग चूक कळणार कुणाला? याचा गळा दाबू की त्या पेटीचा, तेच मला कळेना.

तेवढ्यात काका, म्हणजे नितीनचे बाबा, दारातून आत आले. "आमच्या पेटीला आजवर कोनी नाव नाय ठेवलं, सायेब. तुमची शिट्टीच बिगडली असंल." आणि चादर सोडून भर वर्गात पेटी मांडून बसले. आता आपलं वर्ष गेलं, मी मनात म्हटलं.

त्यांनी एक सूर धरला. सरांनी तार छेडली... तंतोतंत तोच सूर. दुसरी तार, तिसरी, सगळ्या तशाच. सरांनी सगळ्या तारा सैल करून यंत्र पुन्हा चालवायला लावलं. पठ्ठ्याने त्या परत पेटीला नेऊन भिडवल्या.

सर हसायलाच लागले. "यंत्र पास," ते म्हणाले, "पेटी नापास."

"नापास?" काका भडकले. "एकादशीला चिंचणीला या, मंग सांगा!"

सर काही गेले नाहीत. मी मात्र गेले. पेटी तशीच बेसूर, सगळं मंडळ तिच्या मागून तितकंच बेसूर... आणि मी मुकाट्याने टाळ वाजवत बसले. काय करणार? माझी नोकरी त्याच सुरांनी वाचवली होती.