वर न बघणाऱ्यांसाठी सनई

नेउसचा शब्द तोंडात अडकला की त्या घरात कुणी घाई करत नाही. नवरा ब्लाई तवा पुसत राहतो, मुलगी अरलेत पावावर टोमॅटो चोळत राहते, आणि शब्दाला यायचं तेव्हा तो येतो. कधी भलताच येतो. परवा तिने "ती शिडी दे रे" म्हटलं आणि ब्लाईने मुकाट्याने कालथा पुढे केला.

"तुला कसं कळलं?" अरलेतने विचारलं.

"इतकी वर्षं संसार केला. आमच्या घरातली शिडी तव्यावर चढते, एवढं कळायला नको?"

नेउस एवढी हसली की ऑम्लेट करपलं.

आठ वर्षांची असताना ती परसातल्या अक्रोडावरून पडली होती. डोकं दगडी बांधावर आपटलं. पुढे बोलणं, चालणं, घास तोंडापर्यंत नेणं, सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. डावा पाय आजही जरा मागे रेंगाळतो. दुपारी डोकं जड झालं की खिडक्या लावून पडावं लागतं. काल ठरलेलं आज आठवत नाही, म्हणून मनगटाला दोरे बांधलेले असतात: लाल म्हणजे डॉक्टर, निळा म्हणजे शाळा. पिवळा कशाचा हे मात्र तीही विसरली आहे, पण तो छान दिसतो म्हणून सोडत नाही. गावच्या सोसायटीत ती हेझलनट निवडायला जाते आणि निवडताना गाते. गाण्यात तिचा एकही शब्द अडकत नाही. देवाने एक दार लावलं तर दुसऱ्याची कडी काढून ठेवली, असं तिची आई म्हणते.

ही आई, रेमेई, लागूनच्या घरात राहते. सकाळची प्रार्थना चुकवायची नाही आणि कुणाचं ऐकायचं नाही, ही तिची दोन व्रतं. लेक पडली त्या दुपारी ती धुणं वाळत घालत होती आणि लेक झाडावर बसून शीळ घालत होती.

"पडल्याचा आवाज मी ऐकलाच नाही," ती अजून सांगते. "शीळ थांबली, ती ऐकली."

तेव्हापासून तिने लेकीला सायकलवर बसू दिलं नाही, झोक्यावर बसू दिलं नाही, साधं स्टुलावर चढू दिलं नाही. घरात एकदम शांतता झाली की ती हातातलं टाकून धावत यायची. सोळाव्या वर्षी नेउसने गावच्या मनोऱ्याच्या मंडळात जायचं म्हटल्यावर घरात आकाश कोसळलं. माणसांच्या खांद्यावर माणसं, सात थर, आणि वर कळसाला लहान पोर! शेवटी म्हातारे सनईवाले गायेता स्वतः दारात आले.

"रेमेईबाई, तिला चढवत नाही हो. सनई शिकवतो."

"सनई जमिनीवर उभं राहून वाजवतात ना?"

"तुमच्यासाठी खड्ड्यात उभं राहून वाजवू."

"मग वाजवा," रेमेई म्हणाली.

आणि नेउसचं आयुष्य सुरू झालं म्हणायला हरकत नाही. तिथेच दुसऱ्या थरात उभा राहणारा, पिंपासारख्या खांद्यांचा ब्लाई तिला भेटला. लग्न झालं, अरलेत झाली. गायेता देवाघरी गेले तेव्हा त्यांची सनई नेउसकडे आली.

मनोऱ्यात सनई शोभेला नसते. पायाला शंभरेक माणसं एकमेकांना चिकटून, हात पुढे रेटून, मान खाली घालून उभी असतात. वर बघायचं नाही, हा कडक नियम, कारण वरून कुणी आलंच तर मान मोडेल. मग वर काय चाललंय हे कळणार कसं? सनईवरून. चौथा थर चढायला लागला की सनई सुरू होते. कळसाचं पोर टोकाला पोचून हात वर करतं, तसा सूर बदलतो. मग खालच्यांना कळतं की पोचलं, आता फक्त उतरणं राहिलं, तेवढं तग धरा.

या वसंतात कळसासाठी अरलेतची निवड झाली. मंडळाचा म्होरक्या किर्झे विचारायला आला, तेव्हा नेउस पटकन "हो" म्हणाली. एवढा एकच शब्द तिच्या तोंडात कधी अडकत नाही. भीती मागाहून आली.

रेमेईला कळलं तेव्हा ती कांदे चिरत होती. "एका घरात एक डोकं फुटलं तेवढं पुरे!" असं म्हणून तिने सुरी ठेवली आणि जावयाशी बोलणं सोडलं. जणू त्या पोरीला मनोऱ्याचं वेड ब्लाईनेच लावलं होतं.

मारियामातेच्या सणाला चौकात मनोरे लागतात; त्याच्या आधीच्या आठवड्यात सरावाला पुरा मनोरा लावला. चौथा थर चढला, नेउसने सनई धरली. अरलेत हेल्मेट घालून चढायला लागली. एकाची पोटरी, दुसऱ्याचा कमरेचा काळा शेला, तिसऱ्याचा खांदा. बापाच्या खांद्यावर पाय देऊन ती वर सरकली आणि नेउसचा श्वास छातीत गोठला. सनई थांबली.

खाली मान घातलेल्या माणसांत कुजबुज उठली. "काय झालं?" "पडली का?" "कुणी सांगेल का रे!" पाया थरथरला, वरचे गुडघे लटपटले. किर्झेने ओरडून सगळ्यांना खाली घेतलं. खाली जाळी होती, कुणाला ओरखडाही आला नाही. पण अरलेत पाय आपटत रडली, कारण तिला अर्ध्यातूनच उतरावं लागलं होतं.

किर्झे कधी रागावत नाही. त्या दिवशीही रागावला नाही, म्हणून जास्त लागलं.

"नेउस, तुझ्या सनईच्या भरवशावर शंभर माणसं उभी असतात. सणाला दुसऱ्याला वाजवू दे. नाहीतर पोर पुढच्या वर्षी चढेल. काय ते तू सांग."

"दुसऱ्या कुणी वाजवलं तर मी चढणार नाही," अरलेत म्हणाली. "मला आईच्या सुरावर पाय टाकायची सवय आहे."

घरी आल्यावर माय-लेकी मागच्या पायरीवर बसल्या. अक्रोडाची सावली अंगणभर पसरली होती. रेमेई भाजलेल्या वांग्याचं भरीत घेऊन आली होती, ती आतल्या दारातच थबकली.

"आई, तू पडलीस म्हणून मीपण पडेन?" अरलेतने विचारलं.

नेउसने तोंड उघडलं. शब्द निघाले, वाटेत थांबले. अरलेत पायरीवरच्या मुंग्या बघत बसली.

"झाडावर मी... एकटी होते," नेउस म्हणाली. मग तिला 'पाया' हा शब्द सापडेना. तिने दोन्ही हात पुढे पसरले, तळवे वर केले, आणि बोटं हलवून दाखवली. "तुझ्याखाली... शंभर."

दारातल्या रेमेईने भरीत तिथेच कट्ट्यावर ठेवलं आणि ती परत गेली.

नेउसने किर्झेला सांगितलं, सनई तीच वाजवेल आणि अरलेत चढेल; तोही मानला. मग मारियामातेच्या सणाचा दिवस उजाडला. सकाळीच रेमेईने देवळात मेणबत्ती लावली. एरवी ती त्यानंतर घरी येई, खिडक्या बंद करी आणि मनोरे उतरल्याची घंटा होईपर्यंत जपमाळ ओढत बसे. त्या दिवशी ती चौकात आली. एप्रन काढायची विसरली होती. माणसांना कोपराने बाजूला करत ती थेट किर्झेसमोर उभी राहिली.

"अरे किर्झे, त्या पायातल्या लोकांना वर बघावं लागत नाही ना?"

"बघूच द्यायचं नाही त्यांना."

"मग मला तिथे घाल."

किर्झेने तोंडावरून हात फिरवला. "रेमेईबाई, तुमचं वय..."

"वय माझं आहे, तुला काय करायचंय? इतकी वर्षं पिठं मळलीत, हातात जोर आहे. बघवणार नाही मला. घरीही बसवणार नाही. मग उभी राहू कुठे, झेंड्याच्या खांबावर?"

आजूबाजूचे हसले. ब्लाई शेला गुंडाळून घेत होता. दुसरं टोक अरलेतने ताणून धरलं होतं आणि तो गिरकी घेत घेत त्यात शिरत होता. तो मध्येच थांबला. "सासूबाई, तुम्ही मला हात देणार म्हणजे मी पडायची सोयच राहिली नाही."

"तू गप. तुझ्याशी मी बोलत नाही," रेमेई बोलली.

तिला अगदी बाहेरच्या रांगेत, एका दांडग्या सुताराच्या पाठीमागे उभं केलं. तिने हात पुढे टेकले, मान खाली घातली. तिचा पांढरा अंबाडा गर्दीत दिसेनासा होईपर्यंत नेउस बघत राहिली. आईला आता काही दिसणार नव्हतं. तिच्याकडे फक्त कान होते. सनई थांबली तर आईला पुन्हा तीच दुपार ऐकू येईल, एवढं नेउसला उमगलं आणि तिने सनई ओठांना लावली.

दुसरा थर लागला, तिसरा लागला. चौथा चढू लागला, तसा ढोलावर हात पडला आणि सनई सुरू झाली. अरलेत निघाली. ती बापाच्या खांद्याशी आली. सूर कापला, चिरकला. पण तुटला नाही. तिने डोळे मिटले नाहीत. एक पाय, एक सूर. पुढचा पाय, पुढचा सूर. कळसाच्या खालच्या थरावर टेकण म्हणून वाकून बसलेल्या दुसऱ्या पोराच्या पाठीवरून अरलेतने तंगडी टाकली आणि हात आभाळाकडे केला. चार बोटं, ताठ, पोचल्याची खूण.

नेउसने सूर बदलला.

"पोचली!" पायातून कुणीतरी खच्चून ओरडलं. "माझी पोर पोचली!" तो आवाज कुणाचा हे चौकातल्या कुत्र्यांनाही कळलं.

"आजी, ओरडू नका, श्वास सांभाळा!" सुतार खालच्या मानेने विनवत होता.

"तू ढकल रे नीट! अजून उतरायचीय ती!"

उतरली. थर एकेक करून सुटले, शेवटचा ब्लाई जमिनीवर आला, आणि चौकात टोप्या उडाल्या. अरलेत हातोहात पुढे येत सनईपाशी पोचली आणि आईच्या गळ्यात पडली. हेल्मेट नेउसच्या हनुवटीवर खाडकन बसलं.

गर्दीतून रेमेई बाहेर आली. अंबाडा सुटलेला, एप्रन फाटलेला, गालावर कुणाच्या तरी शेल्याचा वळ उमटलेला. तिने आधी नातीचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. मग लेकीचं चाचपलं. तीस वर्षांत पहिल्यांदा चाचपताना तिला हसू येत होतं.

"मध्ये एकदा चिरकलीस," ती म्हणाली.

"ऐकलंस?"

"तेवढंच तर ऐकत होते. चिरकलेलं चालेल मला. थांबायचं नाही."

नेउसला आईला पुष्कळ काही सांगायचं होतं. शब्द निघाले आणि नेहमीसारखे वाटेत बसले. मग तिने मनगटावरचा तो पिवळा दोरा सोडला आणि आईच्या मनगटाला बांधला.

"हा कशाचा?" रेमेईने विचारलं.

नेउसला आता आठवलं होतं की नव्हतं, देव जाणे. "सरावाचा," ती म्हणाली. "शुक्रवारी."

"शुक्रवारी माझी जपमाळ असते," रेमेई म्हणाली. मग किर्झेकडे वळली. "सराव आठला ठेव. साडेसातला माझी माळ संपते. आणि मला पुढच्या रांगेत घे, त्या सुताराच्या पाठीला घामाचा वास येतो."