वरचे सहा थर

माझे वडील, नाना, कुणाच्याही घरी गेले की चपला काढून आधी भिंतीपाशी जायचे. भिंतीला गाल लावायचा, एक डोळा मिटायचा आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नजर सोडायची. घरची माणसं पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत उभी राहायची. मग ते वळून म्हणायचे, "चांगलं हाय काम," किंवा "हितं जरा पोट सुटलंय." एकदा पारनेरला एका मास्तरांच्या घरी ते असं म्हणाले आणि सोफ्यावर बसलेल्या मास्तरांनी घाईघाईने स्वतःचं पोट आत ओढलं. आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो. नानांना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते भिंतीबद्दलच बोलत होते.

गावात त्यांना सगळे मिस्तरी म्हणायचे. आमचं गाव सुप्यापासून बसने वीस मिनिटांवर. गावातली निम्मी पक्की घरं नानांच्या हातची, आणि आमचं विहारही त्यांनीच बांधलेलं. आई लग्नानंतर काही वर्षं त्यांच्या हाताखाली विटा द्यायला होती, त्यामुळे तिलाही ते मिस्तरीच. घरातली भांडणंसुद्धा त्याच भाषेत चालायची. ताटातल्या भाकरीकडे बघून नाना म्हणायचे, "गोल हाय, पन लेव्हलला न्हाई." आई चुलीकडे तोंड करूनच उत्तर द्यायची, "मग उद्यापास्नं तुमच्या थापीनंच थापा."

मी नगरला सिव्हिलचा डिप्लोमा केला तो त्यांच्यामुळे. नाना चौथीपर्यंत शिकलेले, पण नकाशा कुठलाही वाचायचे. मी सुट्टीत घरी आले की ते माझं ड्रॉइंग जमिनीवर पसरायचे आणि गुडघ्यावर बसून त्या घरात फिरून यायचे. एकदा मी काढलेल्या बंगल्यात बराच वेळ फिरून ते म्हणाले, "सुजाता, ह्या दारानं मानूस बाहेर आला की जिन्यावर कपाळ आपटंल." मी वाद घातला. कॉलेजात सरांनी लाल पेनाने नेमक्या त्याच दाराला गोल केला. मी ते घरी सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीत नानांनी तो लाल गोल पाहिला आणि नुसतं "हं" म्हणाले.

डिप्लोमानंतर मला सुप्याच्या एमआयडीसीत एका नव्या कारखान्याच्या बांधकामावर साइट इंजिनिअर म्हणून नोकरी लागली. दोन महिन्यांनी विटकामाला गवंड्यांची टोळी आली, तिचे मिस्तरी नाना. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हितं मी तुजा बाप न्हाई. हितं तू मॅडम." आणि ते खरोखर तसे वागायचे. "मॅडम, जरा बगून घ्या," असं अदबीनं म्हणायचे. विटा वाहणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांच्यात वयाने मोठ्या होत्या कोंडाबाई. नानांबरोबर वीस वर्षं काम केलेल्या. त्या म्हणायच्या, "घरी मॅडमला मिस्तरी पानी भरायला सांगत्यात का?"

मग कँटीनच्या भिंतीचा तो दिवस आला. भिंत खांद्याच्या वर गेली होती. मी ओळंबा लावला. दोरीच्या टोकाचं ते वजन खालच्या थरांना अगदी चिकटून होतं, पण वरचे सहा थर बाहेर झुकले होते, जवळजवळ पाऊण इंच. मी तीनदा लावून पाहिलं. शेजारी उभे असलेले सुपरवायझर हळूच म्हणाले, "गिलाव्यात भरून निघेल, मॅडम. मिस्तरींची भिंत आहे. कशाला?"

मी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले. तोंड धुतलं. ती भिंत दुसऱ्या कुणाची असती तर मी टाकीपर्यंत गेलेच नसते, हे मला कळत होतं. परत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्तरी, वरचे सहा थर बाहेर गेलेत."

काम थांबलं. नानांनी माझ्या हातून ओळंबा घेतला. भिंतीला लावला. डोळे बारीक केले, मान जवळ नेली, मग आणखी जवळ. शेवटी ते कोंडाबाईंना म्हणाले, "कोंडे, दोरी कुठंय गं?"

दोरी त्यांच्या नाकासमोर होती.

कोंडाबाईंनी त्यांचं बोट धरून दोरीवर ठेवलं. नानांनी बोटानेच भिंत आणि दोरीमधलं अंतर चाचपलं. "मॅडम बरोबर हायेत," ते म्हणाले. "काढा. न्हाई, ऱ्हाऊ द्या. मीच काढतो." विटांमधला माल अजून ओला होता. त्यांनी सहा थर स्वतःच्या हाताने उतरवले, एकेक वीट पुसून रचून ठेवली. मला तिथून निघून जायचं होतं, पण मी उभी राहिले. मॅडम म्हणून दुसरं काय करणार?

संध्याकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. कंडक्टर नानांच्या ओळखीचे, मला मात्र ओळखत नव्हते. "काय मिस्तरी, आज गप गप?" त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "आज ह्या बाईंनी माजं काम नापास केलं." कंडक्टरनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. नानांनी त्यांना नीट पुरतं रागावू दिलं आणि मग सावकाश म्हणाले, "माजी पोरगी हाय." गाव येईपर्यंत त्यांनी ही गोष्ट आणखी चार जणांना सांगितली. प्रत्येक वेळी भिंत थोडी जास्त वाकडी होत गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षभर त्यांनी तो कुणाला कळू दिला नव्हता. नगरला ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर ते माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "लई रापलीस गं. टोपी घालत जा." मग ते तसेच आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "बोला की. म्हातारी झाले म्हना." नाना म्हणाले, "मी कुठं काय म्हनलं?"

खरी गंमत पुढे झाली. नानांनी गेल्या वर्षभरात बांधलेली सगळी कामं आठवून आठवून काढली आणि पिशवीत ओळंबा आणि लेव्हलची नळी घालून घरोघर जायला सुरुवात केली. लोक जेवायला बसलेले असायचे आणि हे भिंती तपासायचे. सगळं ठीक निघालं, फक्त पारूमावशींच्या स्वयंपाकघरातला ओटा एका बाजूला उतरता होता. नाना तो तोडून पुन्हा करायला निघाले तर मावशी आडव्या आल्या. "मिस्तरी, हात लावू नगा. पानी आपसूक मोरीकडं जातंय. असा ओटा साऱ्या गावात न्हाई. माजी सून बी लई खूश हाय." नाना घरी येऊन सुन्न बसले. "चुकलेलं काम आन् म्हनं तसंच ऱ्हाऊ द्या," असं दोनदा म्हणाले आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी गावाच्या बसथांब्यावर कट्टा बांधायला घेतला होता. सुप्याच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरी रोज सकाळी तिथे उभ्या असतात, हे त्यांना नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा नीट दिसलं, असं ते म्हणायचे. "दिवसभर मशिनीपुढं उभ्या, आन् हितं बी उभ्या," असं म्हणत एकट्यानेच काम चाललं होतं. तीन थर झाले. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात चहा पिता पिता त्यांनी आईला सांगितलं, "आज चौथा थर लावतो आन् वरची फरशी बसवतो." आई कप ठेवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा नाना खाटेवर कलले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्रास झाला नसावा.

विहारात जलदानविधीला जागा पुरली नाही. वंदना झाल्यावर माणसं उठून बोलायला लागली, आणि जो उठेल तो आपल्या घराबद्दल बोलायचा. पारूमावशी ओट्याबद्दल बोलल्या. आधी एक जण हसला, मग सगळे. आईसुद्धा हसली, पदराने डोळे पुसत.

पुढच्या रविवारी मी थांब्यावर गेले. कोंडाबाई आधीच येऊन माल कालवत बसल्या होत्या. मी इतक्या भिंती तपासल्या, पण स्वतःच्या हाताने एकही वीट कधी लावली नव्हती. कोंडाबाईंनी थापी माझ्या हातात दिली. "लावा," त्या म्हणाल्या. "मी हाय." दुपारपर्यंत चौथा थर लागला, संध्याकाळी फरशी बसली. माझी बोटं सिमेंटने चिरली होती.

पुढचे आठ दिवस आईने त्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ कळशीने पाणी मारलं. कुणाला बसू दिलं नाही. नवव्या दिवशी सकाळी मी बससाठी गेले तर चार पोरी डबे मांडीवर घेऊन बसलेल्या. मागून आई आली. "सरक गं जरा," ती कडेच्या पोरीला म्हणाली आणि टेकली.

"आजी, कुठं जायचंय?" त्या पोरीने विचारलं.

"कुठं न्हाई," आई म्हणाली. "बसायला आले."

बस आली. आम्ही पाच जणी चढलो. आई हात मांडीवर ठेवून तशीच बसून होती. खिडकीतून मी पाहिलं तेव्हा ती मला म्हणाली, "टोपी घेतलीस का?"