स्टेफकावहिनीची काच

माझ्या वहिनीला वाट बघणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. थंडी उणे तिशीखाली गेली की आमच्या गावातली शहाणी माणसं गाडी चालू करून घरात परततात, कॉफी पितात आणि काचेवरचा बर्फ आपणहून सैल होऊ देतात. स्टेफकावहिनी मात्र कणीक खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन बाहेर यायची आणि समोरची काच खराखरा खरवडायला लागायची. तो आवाज बंद खिडकीतून थेट माझ्या दातांपर्यंत पोचायचा. मी खिडकीवर टकटक करून तिला दटावायची, आणि ती खुशाल हात हलवायची.

पट्टी मूळची माझ्या आईची. सुनेने ती स्वयंपाकघरातून उचलली ती थेट अंगणात नेली. माझा भाऊ मेट्रो हयात होता तेव्हा त्याने मुद्दाम प्लास्टिकची खरवडणी आणून दिली होती. "याने लोणी तरी निघेल का?" म्हणत तिने ती डिकीत फेकली. वर्षानुवर्षं असं खरवडून ती काच पोरं स्केटिंग करून गेलेल्या तळ्यासारखी झाली होती, जिकडे बघावं तिकडे आडवेतिडवे चरे.

मेट्रो गेला, आणि पाठोपाठ गावातून जाणारी बसही बंद झाली. उरलो आम्ही म्हातारी माणसं, चहूकडे बर्फाने झाकलेली मॅनिटोबाची शेतं आणि वहिनीची गाडी. हॉस्पिटल पूर्वेला, तासाभराच्या अंतरावर. शेजारच्या म्हाताऱ्या प्रोकोपला तिथे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, माझं गुडघ्याचं दुखणं दाखवायचं, कुणाचे दात, कुणाचं रक्त, सगळं वहिनीकडे. पेट्रोलचे पैसे पुढे केले की म्हणायची, "ठेव खिशात, शवपेटीला लागतील." मलाही गाडी चालवता येत होती, पण वहिनी असताना स्टिअरिंगला हात लावायची कुणाची छाती होती? मी मेली बाजूला बसून नुसत्या सूचना करायची आणि बोलणी खायची.

गेल्या हिवाळ्यात तिची कुरकुर सुरू झाली. सकाळी सूर्य समोर आला की ते चरे पेटतात, म्हणे, सगळं पांढरंफेक होतं. ती मान डावीकडे कलती करून, आपल्या बाजूच्या खिडकीला कानशील लावून चालवू लागली. नोव्हेंबरात तिने प्रोकोपच्याच दारातली टपालपेटी आडवी केली.

"नाचता येईना अंगण वाकडं," प्रोकोप म्हणाला.

"सोमवारी चालत जा हॉस्पिटलला," वहिनी म्हणाली.



पण काचेची गोष्ट सगळ्यांनाच पटली. आमच्या चर्चच्या तळघरात बायका दर शुक्रवारी जमून पिरोही करतात: कणकेच्या पारीत कुस्करलेला बटाटा भरायचा, कडा चिमटायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या. त्या तळघरावर ओरिस्याचं राज्य. तिने फर्मान काढलं, की नाताळापर्यंतच्या पिरोहींची सगळी विक्री स्टेफकाच्या काचेला. वहिनीही आमच्यात बसून करत होती, आपल्याच काचेसाठी. त्या दिवसांत तिच्या पिरोही पाण्यात उघडायला लागल्या. उभ्या आयुष्यात तिची एक पिरोही फुटली नव्हती. कडेला बटाटा लागला की पारी चिकटत नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. "कणीकच मेली कोरडी आहे," ती म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

नवी काच बसली. ओरिस्याने किल्ली हातात देताना अट घातली, की ती लोखंडी पट्टी आजपासून तळघरात राहील. वहिनीने पट्टी दिली, डोळे पुसले, गाडीत बसली आणि मोठ्याने म्हणाली, "वा! कसं लख्ख दिसतंय." तिचं ते मोठ्याने बोलणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. तिला एखादी गोष्ट आवडली की ती गप्प बसते.

नाताळची सुट्टी संपून शाळा उघडल्या, त्या सोमवारी आम्ही प्रोकोपला घेऊन निघालो. गावाबाहेर पडलो, रस्ता सरळ पूर्वेला वळला आणि सूर्य शेताच्या कडेवर येऊन बसला. मागे प्रोकोप आंबवलेल्या कोबीवर बोलत होता. मीठ बंद केल्यापासून तो दुसरं काही बोलतच नव्हता.

मी सहज वहिनीकडे पाहिलं. तिची मान डावीकडे कललेली होती, कानशील खिडकीला.

मी काचेकडे पाहिलं. धुतलेल्या पेल्यासारखी स्वच्छ काच. एक चरा नाही. मला पार पुढचं धान्याचं कोठार दिसत होतं, तारांवर बसलेला कावळा दिसत होता.

"वहिनी, ऊन लागतंय का?"

"ऊन सगळ्यांनाच लागतं."

"जरा हळू घेतेस का?"

"हळूच आहे. तू बाहेर बघ, नाहीतर झोप."

मी बाहेरच बघत होते. गाडी मधल्या पिवळ्या रेघेकडे सरकायची, मग दचकून परत यायची. समोरून धान्याचा ट्रक आला. तो अगदी जवळ आल्यावर वहिनीचे खांदे आखडले, आणि तो गेल्यावर तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. थांब म्हणावं, तर प्रोकोपसमोर तिचा पाणउतारा. गप्प बसावं, तर आम्ही तिघं आणि समोरून येणारे असतील ते. माझी जीभ, जी एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, टाळूला चिकटून बसली.

"वाटीभर कोबी खाल्ला तर मरतो की काय मी?" प्रोकोप म्हणाला.

पुढे चढावर शाळेची बस उभी होती. अगदी सूर्याच्या पोटात. तिचे लाल दिवे उघडझाप करत होते, म्हणजे दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबायचं; दार उघडं होतं, आणि शेतघराच्या वाटेवरून टोपी घातलेली एक मुलगी दप्तर सांभाळत रस्त्याकडे येत होती. वहिनीचा पाय हलला नाही.

"वहिनी, बस."

"काय?"

"बस उभी आहे. शाळेची बस."

"कुठली बस?" ती म्हणाली.

मी स्टिअरिंगला हात घातला. तिने ब्रेक दाबला, चाकं गोठलेल्या रस्त्यावर घसरली आणि गाडी आडवी होत उजवीकडच्या चरात, खिडकीपर्यंत बर्फात जाऊन रुतली. मागे प्रोकोपने देवाचं नाव घेतलं. मी मान वर काढून पाहिलं. मुलगी रस्त्याच्या मधोमध उभी राहून आमच्याकडे बघत होती. बसवाल्याने तिला हाक मारून आत घेतलं, खाली उतरून आम्ही धड आहोत ना ते विचारलं, आणि पोरांना घेऊन तो निघून गेला.

वहिनी उतरली. हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी काच चाचपू लागली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्या थंडीत बोटं काचेला चिकटतात. मी तिचा हात ओढून घेतला.

"एकही नाही ना गं?" तिने विचारलं.

"नाही, वहिनी."

"मला पहिल्याच दिवशी कळलं. पण तुम्ही सगळ्या एवढ्या राबलात. कुठल्या तोंडाने सांगू, की काच नव्हती वाईट?"

मला तिचा इतका राग आला, की तिथेच बर्फात ढकलून द्यावंसं वाटलं. आणि इतकी माया आली, की मी तिची बोटं माझ्या कोटाच्या आत घेऊन उभी राहिले.

तेवढ्यात ओरिस्याचा मुलगा बोहदान आपला ट्रक घेऊन आला. साखळी लावून त्याने आम्हाला बाहेर काढलं, गाडीभोवती फेरी मारली आणि हसून म्हणाला, "स्टेफकामावशी, काच तर नवीकोरी. आता कुणावर ढकलणार?"

"बर्फ होता," मी म्हणाले. "घसरडं आहे केवढं."

"होता ना," प्रोकोपही आतून ओरडला. "मी पाहिला."

वहिनीने आमच्या दोघांकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट ओरिस्याच्या कानावर आणि शुक्रवारी तळघरात जाणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"बर्फबिर्फ नव्हता, बोहदान," ती म्हणाली. "मला दिसलं नाही. बस दिसली नाही, पोर दिसली नाही. तुझ्या आईला सांग, मीच सांगितलं म्हणून."

मग तिने किल्ली माझ्या हातात ठेवली, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि माझ्या जागेवर बसली. हॉस्पिटलपर्यंत प्रोकोपही कोबी विसरला.

डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगले पिकलेले. ऑपरेशनची तारीख उन्हाळ्यातली मिळाली. तोवर गाडी बंद. ओरिस्या घरी येऊन तिला यथेच्छ बोलली, आणि जाताना पिरोहींचं भांडं ठेवून गेली.

बुधवारी सकाळी मी बाहेर आले तर अंगणात हलकी खरखर चालली होती. वहिनी माझ्याआधी गाडीपाशी होती. मेट्रोने आणलेली ती प्लास्टिकची खरवडणी तिने डिकीतून शोधून काढली होती, आणि लोण्यावरून सुरी फिरवावी तशी ती काचेवरून फिरवत होती. थोडं खरवडायची, तळव्याने चाचपायची, पुन्हा खरवडायची.

"इथे राहिलंय का गं?"

"वर, डावीकडे. अजून थोडं. झालं."

चालवणाऱ्याच्या बाजूची काच तिने आरशासारखी केली होती. स्वतःच्या बाजूला नुसता वरवर हात फिरवला होता.

"आणि ही बाजू?"

"त्या बाजूने मी बघून काय दिवे लावणार आहे? तू बघ आणि मला सांग."

प्रोकोपला घेतलं आणि आम्ही निघालो. गावाबाहेर पडल्यावर सूर्य समोर आला आणि मी सांगायला लागले. ट्रक येतोय. गेला. कोठारापाशी कुणीतरी बर्फ उपसतंय. रस्ता मोकळा आहे. वहिनी हात मांडीवर ठेवून समोरच्या पांढऱ्या उजेडाकडे बघत ऐकत होती.

"चढावर शाळेची बस उभी आहे," मी म्हणाले.

"थांब मग," वहिनी म्हणाली, आणि तिने आपल्या पायाखाली, जिथे ब्रेक नव्हता तिथे, पाय घट्ट दाबून धरला.