रशियन मुलांचे कपडे आणि येसूमामांनी अंगावर घेतलेली चूक

श्री. यशवंत हळर्णकर, म्हणजे आपल्या सर्वांचे येसूमामा, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डिचोलीच्या आमच्या शाळेत सकाळच्या बसने ते पेडण्याहून आले, हातातली कोळशाची इस्त्री खाली ठेवली आणि वर्गातले बाक वितीने मोजायला लागले. चार बाक जोडून इस्त्रीचं टेबल तयार झालं, त्यावर घोंगडी पसरली गेली, आणि मग त्यांनी विचारलं, ‘‘टीचर खंय आसा?’’ मी म्हटलं, ‘‘मीच ती.’’ मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि दिसत होते त्याहून लहान. त्यांनी ‘‘बरें’’ म्हटलं, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मामांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी येसूमामांच्या ड्रेपरीविषयी सविस्तर लिहिलं आहेच. नाटकाचे कपडे पुरवणाऱ्याला आपल्याकडे ड्रेपरीवाले म्हणतात; मोप्याच्या पठाराखालच्या त्यांच्या घरातून जत्रेच्या नाटकांना किती राजे आणि किती राक्षस सजून गेले असतील, ते देवालाच ठाऊक. त्यांची शिस्त ठरलेली. राजांचे अंगरखे एका राशीत, शेले दुसऱ्या, धोतरं तिसऱ्या. कपडा वापरून परत आला की आपल्या राशीत गेलाच पाहिजे. पाळी गावात आमच्या शाळेचं नाटक होतं, तेव्हा खाणीच्या ट्रकांच्या धुळीने ऋषींची पांढरी वस्त्रं पहिल्या अंकाआधीच तांबडी झाली. मी रडकुंडीला आले. मामांनी उरलेली वस्त्रंही अंगणातल्या मातीत लोळवून आणली आणि म्हणाले, ‘‘आतां सगळे एकाच आश्रमातले.’’ त्यांच्याबरोबर पुढे वीसेक बालनाट्यं केली, पण रागाने चढलेला त्यांचा आवाज मी एकदाही ऐकला नाही.

मात्र मला लिहायचं आहे ते आमच्या पहिल्या दिवसाविषयी. ती गोष्ट या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना चुकीची माहीत आहे.

गोवा घटकराज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. सोव्हिएत देशातल्या मुलांचं एक गाण्यानाचाचं पथक पणजीला आलं होतं आणि त्याचा एक कार्यक्रम आमच्या वाट्याला आला. स्वागत मराठीत करायचं की कोकणीत, यावर समितीत आठवडाभर भांडण चाललं. शेवटी दोन भाषणं ठरली. पाहुण्यांना त्यांतलं कुठलंच कळणार नव्हतं, पण हे म्हणायचं धाडस कुणी केलं नाही. मुलांच्या कपड्यांच्या सहा पेट्या एक दिवस आधी आल्या. पणजीहून आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी किल्ल्या माझ्या हाती दिल्या आणि बजावलं, ‘‘कुलूप उघडायचं नाही.’’ माझी नोकरी तात्पुरती होती. कायम करण्याचा कागद याच साहेबांच्या टेबलावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्यांना कुबट वास सुटला. आधीच्या कार्यक्रमाचे घामेजलेले कपडे तसेच भरलेले असावेत. मला राहवलं नाही. मी कुलपं काढली, आणि आमच्या स्नेहसंमेलनाच्या कपड्यांना इस्त्री करायला बोलावलेल्या येसूमामांना म्हटलं, ‘‘आधी हे घ्या.’’

आत काय काय होतं! बिनबाह्यांचे लांब लाल झगे, डोक्यावर बांधायचे मोत्यांचे अर्धगोल मुकुट, गळ्याशी एका बाजूला गुंड्या असलेले सदरे, विणलेले कमरपट्टे, कशिद्याच्या चौकोनी टोप्या, मऊ चामड्याचे तांबडे बूट. आणि हे सगळं लहान लहान गाठोड्यांत, प्रत्येक गाठोड्याला फीत, फितीला त्यांच्या लिपीतली चिठ्ठी. मामांनी एक गाठोडं हातात घेतलं आणि थांबले.

‘‘टीचर, हें असें बांदलेलें आसा म्हणजे तेका कायतरी अर्थ आसतलो. सोडूं?’’

मी घाईत होते. मी म्हटलं, ‘‘सोडा हो. बांधलेल्याला इस्त्री कशी होणार?’’

दुपारपर्यंत त्यांनी एकूण एक कपडा वाळवला, कडक इस्त्री केली आणि आपल्या शिस्तीने राशी लावल्या. झगे इकडे, सदरे तिकडे, पट्टे पलीकडे. चिठ्ठ्या त्यांनी बिस्किटांच्या डब्यात नीट जपून ठेवल्या. इतकी देखणी खोली आमच्या शाळेत पूर्वी कधी झाली नव्हती. आम्ही दोघं दारात उभं राहून कौतुकाने पाहत होतो.

अडीच वाजता मुलं आली; तीसेक असतील, नऊ ते चौदा वर्षांची. त्यांच्या बाई तमारा खोलीत शिरल्या आणि दोन्ही हात गालांवर ठेवून उभ्याच राहिल्या. दुभाष्याने सांगितलं ते असं: एक गाठोडं म्हणजे एक मूल. पहिल्या नाचाचा कपडा सर्वांत वर, शेवटच्याचा सर्वांत खाली. दोन नाचांमध्ये तीन मिनिटं मिळतात. कुणाचा कोणता कपडा, हे फक्त त्या गाठोड्यांना ठाऊक होतं. आणि चार वाजता कार्यक्रम.

साहेब मागोमाग आलेच. त्यांनी विचारलं, ‘‘कोणी उघडलं हे? गाठोडी कोणी सोडली?’’

मामा पुढे झाले. ‘‘हांवें सोडलीं. टीचर नाका म्हणीत आसली. आमची नाटकाची संवय, हात रावले नात.’’

साहेब त्यांना सगळ्यांदेखत नको ते बोलले. मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी गप्प बसले. हो, ‘नको’ म्हटलंच नव्हतं तरी मी गप्प बसले.

बोलणं संपल्यावर मामा दुभाष्याला म्हणाले, ‘‘पोरांक वळीन उबीं करा. एकेकाक एक गिरकी घेवंक सांगा.’’ इस्त्री करताना त्यांच्या बोटांखालून प्रत्येक कपडा गेला होता. खांद्यांवर पट्ट्याची खूण असलेला सदरा त्यांनी सरळ गळ्यात बाजा अडकवलेल्या मुलाला दिला. एका झग्याचा काठ दोन बोटं उसवून वाढवलेला होता. तो अलीकडे उंच झालेल्या, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणाऱ्या मुलीला. एका कमरपट्ट्याचं टोक चावून चावून चिंधी झालं होतं. मामांनी रांगेवर नजर फिरवली, वेणीचं टोक तोंडात धरलेली एक मुलगी शोधली आणि पट्टा तिच्यापुढे धरला. ती लाजून लाल झाली आणि बाकीची मुलं खिदळली. मग त्यांना खेळच मिळाला. तीही राशींत हात घालायला लागली, तमाराबाई नाचांची यादी वाचू लागल्या, आणि मी फितींनी नवी गाठोडी बांधत सुटले.

पडदा पाव तास उशिरा वर गेला. आपल्याकडे त्याला उशीर म्हणत नाहीत. त्या गिरक्या, ते बसून पाय फेकत नाचणं, ती एका श्वासात गायल्यासारखी गाणी, सगळं पार पडलं. एका मुलाचा सैल पट्टा घसरत होता. तो एका हाताने धरूनच नाचला, आणि ती नाचातलीच लकब समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचा नमस्कार झाला आणि मी विंगेतच खाली बसले. मामा शेजारी येऊन म्हणाले, ‘‘जालें म गो? आतां च्या घे.’’ टीचरची मी एकदम घरच्या मुलीसारखी ‘गो’ झाले, ती आजतागायत.

मला नोकरीत कायम केल्याचा कागद दोन महिन्यांत आला. मामांना मात्र सरकारी कार्यक्रमांचं बोलावणं पुन्हा कित्येक वर्षं आलं नाही. ‘‘येसू, रशियेचीं गांठोडीं सोडपी’’, म्हणजे सोडणारा, म्हणून आजही चहाच्या दुकानावर त्यांची थट्टा होते, आणि ते हसतात. परवाच्या सत्कारसभेतही एका वक्त्याने तो किस्सा रंगवून सांगितला. मी पहिल्या रांगेत बसून होते.

म्हणून आज, निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून माझ्या नावाखाली, हे छापून येऊ दे: कुलपं मी काढली. गाठोडी सोडायला मी सांगितलं. मामांनी आधी विचारलं होतं.

हे लिहिण्यापूर्वी मी त्यांना फोन केला. मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. ते म्हणाले, ‘‘पंचाहत्तर वर्सांनी म्हजी एकूच फामाद चूक गो, तीय व्हरतंय?’’

होय मामा, तुमची ती प्रसिद्ध चूक मी नेते. खूप वर्षं सांभाळलीत, आता ती माझी मला परत द्या. तुमचे हात असेच चालू राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि शंभरी गाठून तुम्ही त्या चहाच्या दुकानावर निवांत बसा. यापुढे तिथे थट्टा माझी होऊ दे आणि सर्वांत मोठ्याने तुम्ही हसा.