प्रगतीच्या दप्तरातली अर्धी भाकरी

प्रगतीच्या दप्तराला मुंग्या लागल्या, म्हणून गुरुजींनी तिला स्वरूपाताईंकडं धाडलं. पोरगी गबाळी आहे, जरा समजावून सांगा, एवढाच निरोप. समजावणं म्हणजे आपल्याकडं लोकांना फार सोपं काम वाटतं.

स्वरूपाताई समाजसेविका. बारामतीत एकट्या भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि कोऱ्हाळ्यापासून लोणी भापकरपर्यंतच्या पाच शाळा फिरायच्या. लोक त्यांना ‘डोक्याच्या बाई’ म्हणायचे. म्हणोत बापडे! त्यांच्या पिशवीत ना गोळी ना औषध, नुसत्या भुईमुगाच्या शेंगा. पोराला समोर बसवायचं, शेंगा ओतायच्या आणि दोघांनी गप फोडत बसायचं. हात कामाला लागले की तोंड आपसूक सुटतं, असा त्यांचा अनुभव.

सहावीतली प्रगती तीन मंगळवार नुसत्या शेंगाच फोडत राहिली. चौथ्या मंगळवारी खाली मान घालून म्हणाली, “डब्यातली अर्धी भाकरी मी ठिवती. आई आली तर भुकेली आसंल.”

तिची आई जयवंता भाऊबीजेला इंदापूरला माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. जाताना सासूशी शब्दाला शब्द झाला होता. आता माघ सरत आला.

“यील का वो ती?”

पोराला खोटी आशा लावायची नाही, हा ताईंचा नेम. पण त्या दिवशी तोंडातून गेलंच, “येईल की.” वाट बघणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडावर सही केली नाही, तेव्हापासून नऊ दिवाळ्या भावानं बोलावलं नव्हतं. दर भाऊबीजेला ताई ओवाळणीचं ताट करायच्या, रस्त्याकडं कान लावून बसायच्या आणि अंधार पडला की निरांजन देवापुढं ठेवायच्या.

शब्द गेला, आता निभावणं आलं. ताई इंदापूरला जाऊन जयवंताला भेटल्या. ती म्हणाली, “लेकीबिगर मला बी करमंना. पर न्यायला कुणी आल्याबिगर कोणत्या तोंडानं जाऊ?”

प्रगतीचा बाप अजित आईपुढं ब्र काढत नव्हता. आणि त्याची आई सिंधुबाई म्हणजे खमकी बाई.

“आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं यील,” ताई घरी गेल्या तेव्हा ती म्हणाली. “मी कुणाच्या दारात जायची न्हाय.”

ताईंनी वाद घातला नाही. प्रगतीला विचारूनच आणलेल्या सात अर्ध्या भाकऱ्या त्यांनी फडक्यातून काढून चुलीपुढं मांडल्या. वाळून कडक झालेल्या. कशासाठी ठेवल्या होत्या, तेही सांगितलं. भाकऱ्या सिंधुबाईच्याच हातच्या, रोज पहाटे थापून नातीच्या डब्यात घातलेल्या.

“मी म्हन्ते, पोरगी सुकत का चाललीया,” म्हातारी म्हणाली आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

रविवारी ती खणा-नारळाची पिशवी घेऊन नातीसकट इंदापूरच्या एसटीत चढली. ताईंना म्हणाली, “तुमी बी चला. माझी जीभ घसरली तर आवराय कुणीतरी पायजे.”

जीभ काही घसरली नाही. सिंधुबाईनं सुनेची ओटी भरली आणि म्हणाली, “चल. पोरगी अर्ध्या पोटानं ऱ्हातीया.” जयवंतानं आपल्या कपड्यांची पिशवी उचलली.

परतताना मायलेकी एकाच बाकावर चिकटून बसल्या. लासुर्ण्याच्या अलीकडच्या फाट्यावर एसटी थांबली. “उतरणार हाय का कुणी?” कंडक्टरनं विचारलं. पलीकडच्या बाकावर स्वरूपाताई खिडकीतून बघत होत्या. फाट्यावर कुणी उभं नव्हतं. गाडी हलली तरी त्यांची मान मागं वळलेलीच होती.

“तितं कोण हाय, ताई?” प्रगतीनं विचारलं.

“माझं माहेर.”

“मग उतरायचं की.”

“न्यायला कुणी आलं नाही गं.”

प्रगतीनं डबा उघडला, आजीनं सकाळी दिलेली भाकरी मोडली आणि अर्धी ताईंच्या हातावर ठेवली.

“आत्ता खाऊ नका,” ती म्हणाली. “ठिवा. कुणी आलं तर भुकेलं आसंल.”