सावलीतली लाल चिंधी

सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. थट्टेत पडलेलं नाव, पुढे अंगालाच चिकटलं. दुकानात फोमचा भुसा, कापडाचे तागे आणि मशीनमागे खुंटीवर दोराचं एक जुनं वेटोळं. गिऱ्हाईक विचारी, "हा दोर कशाला?"

"सोफा पळून जाऊ नये म्हणून."

तरुणपणी सुटीच्या दिवशी तो आणि त्याचा दोस्त गवंडी वाळवंटातल्या घळीत कडे चढायला जात. घळीत अगदी आत, जिथे ऊन पोचतच नाही, तिथला एक कडा उस्तादने हेरला. जो कड्यात दोर अडकवायचे लोखंडी बोल्ट ठोकून चढायची नवी वाट तयार करतो, ती चढण्याचा पहिला मान त्याचा, अशी चढणाऱ्यांची रीत. खालच्या बोल्टला तो लाल चिंधी बांधतो. मग दुसरं कुणी त्या वाटेला हात लावत नाही. चिंधी उन्हाने पांढरी पडली की मान संपला, वाट सगळ्यांना मोकळी.

उस्तादने दुकानातल्या कापडाची पट्टी बांधली. माथ्याजवळच्या फटीत बोटं दर वेळी दगा देत. खालून दोर धरलेला गवंडी एकदा म्हणाला, "आज मला जाऊ दे की."

"आधी मी. पुढच्या खेपेला नक्की."

मग लग्न, दुकानाचा व्याप, कंबरदुखी. ती खेप राहूनच गेली. चिंधीने अडलेल्या त्या कड्याकडे बाकीच्यांनीही हळूहळू पाठ फिरवली.

गवंडी एका हिवाळ्यात वारला. काही आठवड्यांनी त्याची लेक दुकानात आली.

"काका, ती वाट मला चढायचीय. चिंधी सोडाल?"

"अगं, ती केव्हाच पांढरी झाली असेल. विचारायचं काय त्यात?"

"चला, बघा तर."

घळीत थंडगार होतं. पायवाट दगडांच्या चुऱ्याखाली बुजली होती. आणि बोल्टला चिंधी, लालभडक, जणू काल ताग्यातून फाडलेली.

"बाबा दर वर्षी यायचे," ती म्हणाली. "रंग बघायला. घरी येऊन आईला सांगायचे, उस्तादचं कापड पक्कं आहे बुवा."

"मग मला बोलला का नाही लेकाचा?"

"एकदा बोलले होते ना."

गाठ सुटेना. उस्तादने खिशातून कात्री काढून ती कापली.

"आधी तुम्ही?" तिने विचारलं.

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. "नको. चढ तू."

गवंडी उभा राहायचा तिथे उभं राहून त्याने दोर धरला. फटीपाशी ती एकदा निसटली, लोंबकळली, स्वतःलाच शिवी हासडून पुन्हा भिडली आणि वर गेली.

"काका, झालं!"

"काय दिसतं गं वरून?"

"काही नाही. आपली गाडी. आणि ऊन."

चिंधी आता दुकानाच्या पश्चिमेच्या खिडकीत टांगलेली असते. पहिल्याच उन्हाळ्यात ती कडेकडेने पांढरी पडू लागली. उस्ताद मशीन थांबवून तिच्याकडे बघत बसतो, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.